अखाजीच्या घरात चहा बिघडू नये म्हणून

खानदेशातल्या धरणगावात अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत चहाचं पातेलं शेगडीवरून फारसं खाली उतरतच नाही. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, त्यांची मुलं असतात, दोन दिवसांनी घ्यायला येणारे जावई असतात, सुरतेहून सुट्टी काढून आलेले भाऊ असतात. शिवाय लेक आली का ते बघायला डोकावणाऱ्या गल्लीतल्या बाया. बाहेर ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेलेलं, तरी चहाला कुणी नाही म्हणत नाही. एवढे चहा होतात म्हणजे त्यातले काही बिघडणारच. कुठे साखरेऐवजी मीठ पडतं, कुठे गुळाचा चहा फाटतो, कुठे दूध उतू जाऊन शेगडी विझते. घर खदखदून हसतं, आणि हसता हसता सगळ्यांच्या नजरा जिनं चहा ठेवला तिच्याकडे वळतात. बहुधा ती घरातली सगळ्यात नवी सून असते.

मला हे मनापासून सांगायचं आहे की यात तिचा दोष फार थोडा असतो. चहा बिघडतो तो बरण्यांच्या जागेमुळे, सकाळपासून बाहेर राहिलेल्या दुधामुळे, लहान पातेल्यामुळे आणि घाईमुळे. या चारही गोष्टी घरातल्या माणसांना आधी नीट लावून ठेवता येतात. त्या कशा लावाव्यात, आणि तरीही घोटाळा झालाच तर पुढच्या पाच मिनिटांत काय करावं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात मिठापासून करू, कारण सगळ्यात जास्त हसू त्याचंच होतं. धरणगावला माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, घरी घडलेला प्रसंग आमच्या नात्यात अजून सांगितला जातो. सून नवी होती आणि तिची पहिलीच अखाजी. ओसरीवर तिच्या सासऱ्यांचे व्याही आणि गावातली चार मोठी माणसं बसलेली. पापड-कुरडयांच्या कामासाठी मिठाच्या जास्तीच्या पिशव्या आणल्या होत्या आणि उरलेलं मीठ ठेवायला बरणी नव्हती, म्हणून साखरेची रिकामी बरणी धुऊन त्यात मीठ भरलं गेलं. साखर गेली नव्या डब्यात. सुनेला हे कुणी सांगितलंच नाही. तिनं रोजची बरणी उघडली, रोजच्या मापानं चमचे टाकले आणि चहा बाहेर पाठवला.

पुढे जे झालं ते खास आपल्याकडचं आहे. पहिल्यानं बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. बोलला नाही, व्याह्याच्या घरी चहाला नाव कोण ठेवणार? दुसऱ्यानं घोट घेतला, पहिल्याकडे पाहिलं आणि तोही गप्प. तिसरा धीराचा, त्यानं तर अर्धी बशी संपवली. शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी आत डोकं वळवून विचारलं, "हाऊ चहा शे का कढी?" आणि ओसरी फुटली. आत सुनेच्या डोळ्यांत पाणी. त्यावर फुई बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "बरनी मीच बदली, तिना काय दोष?" माझ्या मते त्या दिवशी घरात झालेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे फुईचं हे वाक्य. चहा दुसरा झाला, त्यावर हसणंही झालं, पण त्या पोरीच्या मनात ओसरीची भीती बसली नाही.

आता उपाय. साखर आणि मीठ एकाच जातीच्या बरण्यांत कधीही ठेवू नका. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या एकसारख्या बरण्यांचा संच फळीवर सुंदर दिसतो, पण पाहुण्यांच्या गर्दीत हात बरणी वाचत नाही, तो आकार ओळखतो. म्हणून मीठ चिनी मातीच्या रुंद तोंडाच्या बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात, असा सरळ फरक ठेवा. जागाही वेगळी हवी. साखर आणि चहाची पत्ती शेगडीच्या एका बाजूला जोडीनं, मीठ मिसळणाच्या डब्याशेजारी दुसऱ्या बाजूला. मिठात लाकडी चमचा आणि साखरेत स्टीलचा चमचा कायमचा ठेवलात तर हाताला आणखी एक खूण मिळते. चिठ्ठी चिकटवायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. आजीला वाचता येत नसेल किंवा चष्मा ओसरीवर राहिला असेल तर चिठ्ठी निरुपयोगी. पूर्वीच्या घरांत खडे मीठ असायचं. ते हाताला लागताच कळायचं, त्यामुळे ही चूक तेव्हा क्वचितच झाली असेल. बारीक दळलेलं मीठ आणि बारीक साखर दुपारच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकसारखीच दिसतात. आणि पापडाच्या दिवसांत बरणी बदललीत तर संध्याकाळच्या आत घरातल्या प्रत्येकाला, माहेरी आलेल्या लेकींनासुद्धा, तोंडी सांगा.

दुसरी सवय याहून सोपी आहे. चहा गाळायच्या आधी दोन चमचे बशीत घेऊन चाखा. आपल्याकडे पाहुण्यांच्या आधी तोंड लावू नये असा संकोच असतो आणि तो नैवेद्याच्या ताटापुरता योग्यच आहे. चहा नैवेद्य नाही. वेगळ्या बशीत काढून चाखलं तर उष्टं होत नाही, आणि पाच माणसांची फजिती वाचते.

मीठ पडलंच तर त्यात आणखी साखर घालून चव जुळवायचा प्रयत्न करू नका. खारट-गोड मिळून जे तयार होतं ते कुणालाच पिववत नाही, साखर मात्र जाते. मीठ चहातून परत काढता येत नाही, बटाटा टाकूनही नाही. सरळ दुसरं आधण ठेवा. आणि प्रेमापोटी तो चहा संपवणाऱ्यांना थांबवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि एक लहान चमचा भरून मीठ म्हणजेच साधारण तेवढं होतं. कपाला दोन चमचे या मापानं मीठ पडलं असेल तर एका कपात दोन दिवसांचं मीठ आलं. रक्तदाबाच्या माणसानं हा पाहुणचार मुळीच स्वीकारू नये.

खारट चहाची लाज वाटून घ्यायचं मात्र कारण नाही. काश्मीरमध्ये नून चाय म्हणजे मिठाचाच चहा. हिरवी पत्ती चिमूटभर सोडा घालून बराच वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ. रंग गुलाबी येतो आणि लोक तो रोज आवडीनं पितात. लडाखमध्ये लोणी आणि मीठ घालून घुसळलेला चहा असतो. तुर्कस्तानात मुलगी बघायला गेलं की नवऱ्या मुलाच्या कॉफीत मुद्दाम मीठ घालतात आणि त्यानं चेहरा न बदलता ती प्यावी अशी रीत आहे. आपल्या चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात असं चुकून घडलं तर मुलाकडच्यांनी ही रीत आठवावी.

२०२४ च्या जानेवारीत तर मिठानं दोन देशांत गंमत उडवून दिली. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका मिशेल फ्रँकल यांनी चहाच्या रसायनशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात सुचवलं की चहा कडवट झाला असेल तर त्यात अगदी चिमटीभर मीठ टाकावं, सोडियममुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो. इंग्रज लोक इतके खवळले की लंडनमधल्या अमेरिकी दूतावासानं पत्रक काढून कळवलं की चहात मीठ घालणं हे अमेरिकेचं अधिकृत धोरण नाही, आणि आपण मायक्रोवेव्हमध्येच चहा करत राहू अशी पुस्तीही जोडली. बाईंचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. चहा जास्त उकळून कडू झाला तर चवीला कळणारसुद्धा नाही एवढं मीठ, म्हणजे दोन बोटांत मावेल त्याच्याही निम्मं, घालून बघा.

मिठावरून हसता येतं. फळीवरच्या दुसऱ्या काही डब्यांवरून हसता येत नाही, म्हणून हे जरा गंभीरपणे सांगते. उन्हाळ्यात खानदेशी घरात पापडखार असतो, खायचा सोडा असतो, पाण्यासाठी तुरटी असते, सरबताला लिंबूसत असतं, दारात काढायला पांढरी रांगोळी असते. हे सगळं पांढरं आणि सगळं डब्यांत. पापडखार चहात गेला तर चहा काळपट होतो आणि साबणासारखा लागतो. लिंबूसत गेलं तर दूध त्याच क्षणी फाटतं. असा चहा ओतून द्यावा, चाखत बसू नये. ज्या डब्यात काय आहे ते ठाऊक नाही, त्यातली पूड जिभेवर ठेवून ओळखायचा प्रयत्न तर कधीच करू नका.

आणि कपाशीच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, फवारणीचं किंवा दाणेदार कोणतंही औषध घरात, त्यातही स्वयंपाकघराच्या आसपास, ठेवू नका. २०२२ च्या भाऊबीजेच्या दिवशी उत्तर प्रदेशातल्या मैनपुरी जिल्ह्यात एका लहान मुलानं चहाची पत्ती समजून शेतीचं विषारी औषध चहाच्या पातेल्यात टाकलं, आणि सणाच्या दिवशी त्या घरातली माणसं गेली. फोरेटसारख्या दाणेदार कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, पण जुनी पुडकी अजूनही कुठल्या तरी कोनाड्यात पडलेली असू शकतात. अखाजीला लेकरं घरभर फिरतात, त्याआधी तो कोनाडा रिकामा करा. औषध मूळ डब्यातून चहाच्या, बिस्किटाच्या किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात काढून ठेवायची सवय असेल तर ती आजच्या आज सोडा.

आता दूध. खानदेशातल्या उन्हाळ्यात चहाचा खरा वैरी तेच. सकाळी आलेलं दूध तापवून झाकून ठेवलं, दुपारी वीज गेली, फ्रीज बंद पडला, आणि चार वाजता पाहुणे आले. वरून दूध चांगलंच दिसतं, वासही येत नाही, पण उकळत्या चहात पडताच त्याचे कण होतात. याचं कारण समजून घेतलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.८ असतो. उन्हात जिवाणू वाढतात, दुधातल्या साखरेचं आम्ल होतं आणि सामू उतरत जातो. थंड दुधाचं दही व्हायला तो ४.६ च्या आसपास यावा लागतो, पण उकळत्या दुधाला एवढी वाट पाहावी लागत नाही. किंचित आंबटपणा आणि भरपूर उष्णता एकत्र आली की दुधातली प्रथिनं गोळा होतात. त्यातच चहाही थोडा आम्लधर्मी. म्हणून गार असताना धडधाकट वाटणारं दूध पातेल्यात फाटतं.

उपाय एक चमच्याचा आहे. दुपारनंतरच्या चहाला बसण्याआधी दोन चमचे दूध लहान वाटीत किंवा पळीत घेऊन आचेवर उकळा. नीट उकळलं तर बिनघोर वापरा, कण झाले तर फक्त दोन चमचे गेले, दहा कपांचा चहा वाचला. दूध आल्याबरोबर तापवा, आणि तापवल्यावर पातेलं परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवा म्हणजे लवकर निवेल. कोमट दुधात जिवाणू सगळ्यात वेगानं वाढतात, त्यामुळे ते कोमट जितका कमी वेळ राहील तितकं बरं. जुन्या बाया दर काही तासांनी दूध पुन्हा तापवायच्या, ते अगदी शहाणपणाचं होतं. सकाळच्या दुधात दुपारचं दूध मिसळू नका. शिळ्या दुधातले जिवाणू ताज्या दुधातही जातात आणि दोन्ही हातची जातात.

दूध ताजं असूनही चहा फाटला तर बहुतेक वेळा आलं कारण असतं. ओल्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं आणि साधारण ६० ते ७० अंश गरम दुधात ते जोरात काम करतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात तर आल्याच्या रसावर गरम दूध ओतून मुद्दाम ते घट्ट करतात आणि चमच्यानं गोड म्हणून खातात. आपल्याला चहा हवा असतो, म्हणून आलं दुधात किंवा दूध घातल्यावर किसून टाकू नका. आधी पाण्यात टाकून चार-पाच मिनिटं खळखळ उकळू द्या. उकळीनं ते विकर मोडतं आणि मग दूध घातलं तरी काही होत नाही. सुंठेची पूडही पाण्यातच उकळावी. गवती चहाच्या पातीची मात्र अशी काही भानगड नाही, परसातली दोन पानं गाठ मारून केव्हाही टाका.

गुळाच्या चहाची गाऱ्हाणी मी सगळ्यात जास्त ऐकते. साखर कमी करायची म्हणून घरोघर गूळ आला आणि त्याबरोबर फाटलेला चहा आला. गूळ स्वभावानंच किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. पावसाळ्यात पाझरलेला किंवा जुना झालेला गूळ आणखी आंबट होतो. तो दुधाबरोबर उकळला की चहा फाटण्याची भीती असतेच. म्हणून पाणी, पत्ती, आलं उकळून घ्या, दूध घालून एक उकळी आणा, मग गॅस बंद करा. पातेलं मिनिटभर खाली ठेवा आणि बारीक चिरलेला गूळ शेवटी घालून ढवळा. विरघळला की लगेच गाळा. परत आचेवर ठेवायचा मोह टाळा. वीस माणसांचा चहा असेल तर याहून भरवशाची रीत म्हणजे कोरा चहा गुळासकट एका पातेल्यात करायचा, दूध वेगळं तापवायचं आणि कपात दोन्ही एकत्र करायचं.

ही वेगळं दूध घालायची रीत आपल्याला परकी वाटते, पण चहा आपल्याकडे तशीच शिकवण घेऊन आला. १९०३ साली चहावर उपकर लावून सरकारनं त्याच्या प्रचाराची सोय केली. पुढे प्रचारकांनी स्टेशनांवर आणि बाजारांत चहा करून दाखवला. त्यांच्या कृतीत उकळलेल्या पाण्यात पत्ती मुरवायची आणि दूध-साखर वरून घालायची असं होतं. आपल्या लोकांनी मात्र पाणी, दूध, साखर, आलं सगळं एका पातेल्यात घालून उकळलं आणि चहाला आपली चव दिली. ती चव मलाही प्यारी आहे. फक्त गूळ वापरायचा त्या दिवशी प्रचारकांची रीत उपयोगी पडते.

फाटलेल्या चहाचं काही करता येत नाही, तो ओता. नुसतं दूध फाटलं असेल तर थांबा. आल्यानं, गुळानं किंवा नुकत्याच सुरू झालेल्या आंबटपणानं फाटलेलं, वासाला स्वच्छ असलेलं दूध वाया घालवू नका. साखर आणि वेलची घालून आटवलंत तर पाहुण्यांना वाटीभर गोड देता येतं, चहापेक्षा जास्त आवडीनं खाल्लं जाईल. कडू लागणारं, तार सुटलेलं किंवा वास मारणारं दूध मात्र कशालाच वापरू नका.

उतू जाणं हा प्रकार सगळ्यांच्या इतका सवयीचा की त्यामागचा धोका दिसेनासा झाला आहे. दूध तापलं की वर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली कोंडते आणि क्षणात सगळा फेस उसळतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या चुलीवर तर जाळ एकदम भडकतो, त्यामुळे तिथे डोळ्यांदेखत उतू जातं. पातेलं चहाच्या दुप्पट मापाचं घ्या. पातेल्यावर आडवं लाकडी उलथणं ठेवलं तर फेस त्याला लागून फुटतो आणि तुम्हाला थोडा वेळ मिळतो. काठाला आतून तुपाचं बोट फिरवलं तरी मदत होते. फेस वर येताना फुंकर मारत बसण्यापेक्षा आधी बटण फिरवा. पदरानं पातेलं धरू नका. नायलॉनचा पदर पेटतो आणि अंगाला चिकटतो. सैल झालेली सांडशी बदला, तिची किंमत पायावर सांडलेल्या चहापुढे काहीच नाही.

खरा धोका त्यानंतर. उतू गेलेल्या चहानं बर्नर विझतो, गॅस मात्र वाहत राहतो, आणि घरातली माणसं फडकं शोधत असतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली जमिनीलगत साठतो. वास आला तर बटण आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, देवाजवळचा दिवा तेवत असेल तर तिकडे वास पोचायच्या आधीच तो शांत करा. विजेचं कुठलंही बटण दाबू नका, ना पंखा लावा ना चालू पंखा बंद करा. वास जात नसेल तर बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा, गॅसगळतीसाठी तो चोवीस तास चालू असतो.

हल्ली कुकरमध्ये चहा करायची टूम निघाली आहे. ती करू नका असंच मी सांगेन. दुधाचा फेस शिट्टीच्या भोकात जातो, शिट्टीतून चहाचे फवारे छतापर्यंत उडतात, आणि मुलांना कितीही मजा वाटली तरी भोक बुजलं तर आत दाब साठतो. गरम दुधाची कॉफी मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवणंही तसंच. आतली हवा तापून फुगते आणि झाकण उडतं. कॉफीला फेस हवा असेल तर रवी घ्या, पातेलं खोल घ्या आणि घुसळा. चव जास्त चांगली येते.

चहा अंगावर सांडला तर काय करावं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. ६० अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत कातडी भाजतं आणि कपातला ताजा चहा त्याहून गरम असतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी वाहतं ठेवायचं, वीस म्हणजे वीस. इथे खानदेशची एक अडचण ध्यानात घ्या. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला इतकं गरम येतं की त्यानं भाजलेलं आणखी भाजेल. तेव्हा नळाकडे धावू नका, माठातलं, रांजणातलं किंवा जमिनीखालच्या हौदातलं पाणी तांब्यानं संथ ओतत राहा. ज्या गावात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे पाणी ओतून द्यायला जीव होत नाही हे मला ठाऊक आहे. खाली घमेलं ठेवा, ते पाणी झाडांना घाला, पण वीस मिनिटं पुरी करा. बर्फ लावू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांतलं काहीही लावू नका, पाहुण्यांपैकी कुणी कितीही आग्रह केला तरी. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा. नंतर स्वच्छ सुती कापडानं सैल झाका. फोड फोडू नका. लहान मूल भाजलं असेल, चेहरा, हात, सांधा किंवा जांघ भाजली असेल, किंवा जागा आपल्या तळव्याहून मोठी असेल तर दवाखान्यात न्या. वाहन नसेल तर १०८.

जीभ भाजणंही टाळता येतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं जाहीर केलं. आपल्या गावाकडची बशीत ओतून प्यायची पद्धत शहरात गेलेल्या मुलांना गावंढळ वाटते. त्यांना सांगा की बशीत चहा पसरतो, लवकर निवतो आणि घशाला जपतो. धरणगावला जाल तेव्हा कप बाजूला ठेवून बशीच मागा.

राहता राहिलं विसरून जळलेलं पातेलं. गप्पांत चहा आटून पातेलं कोरडं पडलं आणि काळं झालं तर त्यावर लगेच गार पाणी ओतू नका, वाफ तोंडावर येते आणि बूड वाकतं. गॅस बंद करून ते आपोआप निवू द्या. मग काळा थर बुडेल एवढं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, तसंच रात्रभर राहू द्या, आणि सकाळी लाकडी उलथण्यानं खरवडा. पातेलं अॅल्युमिनियमचं असेल तर सोडा घालू नका, तो धातूवर डाग पाडतो. त्याऐवजी चिंचेचं पाणी घालून उकळा.